सातच्या मालिकेतली लाँड्री

लाँड्रीवाल्या काकूंना एकही मालिका आवडत नसे आणि त्यांची एकही मालिका चुकत नसे. दुकानात धुऊन आलेल्या कोटांच्या रांगेशेजारी एक छोटा टीव्ही टांगलेला होता. तो गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी आहे असं त्या सांगायच्या, पण त्याचं तोंड काउंटरच्या आत, काकूंकडे होतं. गिऱ्हाइकांना नुसते हुंदके ऐकू यायचे आणि दिसायच्या त्या काकू.

तशा त्या बघण्यासारख्याही होत्या. "परत जिन्यावरून पडली," केसांत खोचलेली पेन्सिल काढून पावती लिहिता लिहिता त्या म्हणायच्या. "एवढ्या मोठ्या घरात पडायला दुसरी जागा नाही का हिला?" गाण्याच्या स्पर्धेतले परीक्षक डोळे पुसायला लागले, की त्यांच्या रुमालाला इस्त्री नाही हे त्या आधी बघत. मग अश्रू खोटे असल्याचा निकाल देत.

दुकानात कपड्यांच्या घड्या घालणारी सून एकदा म्हणाली, "आई, एवढा त्रास होतो तर बंद करू का?"

"बंद करून कसं चालेल? यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

आतल्या बाजूला काकूंचे यजमान इस्त्री करत. त्यांचं मत विचारायची त्या दुकानात पद्धत नव्हती आणि त्यांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

गिऱ्हाइकांना काकू त्यांच्या कपड्यांवरून ओळखायच्या. एक होते 'शाईवाले', एक 'तेलकट कॉलर'. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका किडकिडीत माणसाचे शर्ट कुणीतरी तोंडात धरून आणल्यासारखे असायचे, म्हणून तो झाला 'सुरकुत्या'. माणूस मात्र सभ्य होता. कपडे हातात पडले तरी निघायची घाई करत नसे. काकूंचं बोलणं मन लावून ऐकायचा. असा श्रोता काकूंना लग्न झाल्यापासून मिळाला नव्हता.

एके दिवशी सातच्या मालिकेतली नायिका उशीत तोंड खुपसून रडत असताना त्याने विचारलं, "मग काकू, तुमच्या मते तिने काय करायला हवं?"

काकूंच्या हातातली पेन्सिल थांबली. मतं त्या रोज देत होत्या, पण ती मागितली कोणी नव्हती.

"घराबाहेर पडावं. कुठेतरी कामाला लागावं. रडायला वेळ मिळतो म्हणून रडते ती. माझ्याकडे पाठवा, आठवड्यात डोळे कोरडे करून दाखवते."

त्यानंतर तो आला की मालिकेच्या जोडीला काकूंचं आयुष्यही निघू लागलं. दुकान कसं उभं केलं, सासूला कसं वळणावर आणलं, सुनेला नावं ठेवणाऱ्या तिच्या आत्याचं तोंड कसं बंद केलं, सगळं त्याने ऐकून घेतलं.

काही आठवड्यांनी सातच्या मालिकेतली नायिका खरंच घराबाहेर पडली आणि एका लाँड्रीत कामाला लागली.

"बघा," काकू म्हणाल्या, "आली एकदाची कुणालातरी अक्कल."

मग पडद्यावर लाँड्रीची मालकीण आली. अंगाने भरलेली, केसांत पेन्सिल. नायिकेला बघताच ती म्हणाली, "हिशेबात चूक झाली तर चालेल, कॉलरवर डाग राहिलेला चालणार नाही." हे वाक्य त्या दुकानातल्या प्रत्येकाने इतक्या वेळा ऐकलं होतं, की सुनेच्या हातातली घडी अर्धवटच राहिली. आतून करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत यजमानांच्या हातून जळालेला तो पहिला शर्ट.

काकूंचं मात्र पडद्यावर लक्ष होतं. "अशी कुठे बाई असते का?" केसांतली पेन्सिल उपसून त्या म्हणाल्या. "एवढं कोणी बोलतं? मध्ये श्वास तरी घ्यावा."

बघता बघता त्या मालकिणीने मालिका खाऊन टाकली. संध्याकाळी दुकानात एकेक धुतलेला रुमाल घेऊन लोक इस्त्रीला यायला लागले. कानांनी मालिका ऐकायची आणि डोळ्यांनी काकूंना बघायचं, असा दुहेरी कार्यक्रम. काकू एकट्याच त्या मालकिणीला नावं ठेवत होत्या.

"बाबा, आईंना सांगायला हवं," सून इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन कुजबुजली.

"सांग की."

"तुम्ही सांगा. तुमची त्यांच्याशी ओळख जुनी आहे."

शेवटी सांगितलं ते साड्या न्यायला आलेल्या शाळेतल्या एका बाईंनी, आणि तेही कौतुकाने. "काकू, काल मालिकेत तुम्ही काय सुरेख बोललात."

काकू हसल्या. मग हसू विरलं. त्यांनी पेन्सिल चाचपून पाहिली आणि त्या आत जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"अहो, मी अशी आहे?"

यजमानांनी इस्त्री उभी करून ठेवली. त्यांना बऱ्याच वर्षांनी काही विचारलं जात होतं, त्यामुळे उत्तर बेताने द्यावं लागणार होतं.

"थोडीशी," ते म्हणाले. "पण तिचा नवरा माझ्यापेक्षा जास्त बोलतो."

काकूंनी टीव्ही बंद केला आणि तोंडही. कपडे घ्यायच्या, पावती द्यायच्या, बस. गिऱ्हाइकं अवघडून जायची. कुणीतरी आजारी असलेल्या घरात आल्यासारखी हळू बोलायची. शेवटी सुनेलाच ते सोसेना. तिने सात वाजता परस्पर टीव्ही लावला. काकू पाठ फिरवून बसल्या, पण कान फिरवता येत नाहीत.

पडद्यावर नायिकेची सासू तिला लाँड्रीतून ओढून न्यायला आली होती. मालकीण मध्ये उभी राहिली. "माझ्या दुकानात हिला कोणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "बोलायचं काम माझं आहे."

सून डोळे पुसायला लागली.

"तुला काय झालं?" काकूंनी विचारलं.

"माझ्या आत्याला तुम्ही अगदी हेच म्हणाला होतात. तेव्हा मी काही बोलले नाही, पण मला फार बरं वाटलं होतं."

काकूंनी खुर्ची वळवली आणि उरलेला भाग समोर बसून पाहिला. आत्याची गोष्ट आपण कुणाला सांगितली होती, हेही त्यांना आठवलं.

दुसऱ्या दिवशी सुरकुत्या आला तेव्हा त्याचे शर्ट काउंटरच्या आतच राहिले.

"तर ती मालिका तुम्ही लिहिता."

तो खाली बघत 'हो' म्हणाला.

"शर्ट मिळतील. आधी तिच्या नवऱ्याला एकदोन धड वाक्यं द्या. बावळट वाटतो. आमच्याकडे तसं नाही."

आतली इस्त्री क्षणभर थांबून पुन्हा चालू झाली. सुरकुत्याने शब्द पाळला. नवऱ्याला दोन वाक्यं मिळाली आणि ती बोलून होताच मालकिणीच्या छातीत कळ आली.

त्या संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मालकिणीचा फोटो भिंतीवर लागला, नायिका त्याच्यासमोर बसून रडली. "शर्टाचं बटण तुटलं तर ही चार भाग रडते," काकू म्हणाल्या, "आणि मी गेले तर एवढंसंच?" लोक हसले. मागे येऊन उभे राहिलेले यजमान हसले नाहीत.

"बंद कर तो," ते म्हणाले.

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने टीव्ही बंद केला.

सुरकुत्या पुढचे बरेच दिवस बिनइस्त्रीचाच फिरत होता. मग धीर करून आला. "त्या नटीला नाचाच्या स्पर्धेत घेतलं, काकू. तिच्याकडे तारखाच नव्हत्या. मी खूप भांडलो."

"म्हणजे लोक कंटाळले म्हणून नाही मारलंत?"

"छे. लोक मला शिव्या घालतायत."

"घालणारच," काकू म्हणाल्या, आणि त्याचे शर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने कागदात बांधून दिले.

आता काकू नाचाची स्पर्धा बघतात. ती नटी नाचताना गुडघे उचलत नाही, हे त्यांनाही दिसतं. पण 'नाच कमी आणि हातवारे जास्त' असं एक परीक्षक तिला म्हणाला, तेव्हा काकूंनी त्याची सात पिढ्यांपर्यंत झडती घेतली. हल्ली कपडे न्यायला येणाऱ्याला त्या आधी फोन बाहेर काढून तिला मत द्यायला लावतात. तेलकट कॉलरवाल्याने आपण असले कार्यक्रम बघत नसल्याचं सांगून पाहिलं.

"मीही बघत नाही," काकू म्हणाल्या. "पण आपल्या माणसाला मत द्यायला बघायला कशाला हवं?"