पडद्यावरचा वितळलेला अ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या हुडकेश्वरच्या घरात देव्हारा नाही. बाबांनी जमवलेल्या अंधश्रद्धाविरोधी पुस्तिकांची पेटी आहे. मी वाचायला शिकले तीच त्यांतून. म्हणून हे लिहिताना स्वतःचीच चीड येते... पण घडलं ते घडलं.

मी नागपुरात भौतिकशास्त्रात पीएचडी करते. लेसरच्या वाटेत 'अ' कोरलेली पत्र्याची पट्टी ठेवायची, पुढे बाथरूमच्या खिडकीची खडबडीत काच. त्या काचेतून जाताना अ पार वितळतो. मग तो प्रकाश एका स्फटिकावर पडतो. तीव्र प्रकाशात हा स्फटिक स्वतः बदलतो आणि आलेली लहर उलटी फिरवून त्याच वाटेने परत पाठवतो. त्याच काचेतून परतताना सगळी वाकडी वळणं सुटतात — पडद्यावर अ पुन्हा सरळ. माझी दोन वर्षं यात गेली.

मे महिन्यात तपासणी समिती येणार होती आणि आदल्या आठवड्यात स्फटिकाला तडा गेला.

माझे गाईड, म्हणजे सर, म्हणाले, "साधा आरसा लाव. काच काढून टाक. वरून काळ्या डब्यानं झाक. समितीवाले पडदा बघतात, डबा नाही."

"सर, ही फसवणूक आहे."

"पीएचडी तुझी आहे. बघ बाप्पा."

मी काच काढली. लॅबमधल्या रामटेके काकांनी ती पेपरात गुंडाळून कपाटात ठेवली, कुलूप लावलं. आरसा लावून पाहिला. अ स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी समिती आली. थरथरीने चित्र हलतं म्हणून कूलर बंद, सगळे घामाघूम. सरांनी लेसर सुरू केला... पडद्यावर अ वितळलेला होता. त्याच्या पायाशी डावीकडे एक गोल खड्डा. तो खड्डा मी ओळखते. आमच्या काचेत तिथे बुडबुडा आहे.

समितीतल्या एका बाईंनी मलाच विचारलं, "काच आणि स्फटिक, दोन्ही आत आहेत ना?"

मी म्हणाले, "हो."

'उष्णतेनं स्फटिक बिघडला' असं सांगून सर त्यांना जेवायला घेऊन गेले. जो स्फटिक तिथे नव्हताच, तो बिघडला.

मी डबा उचलला. पट्टी आणि आरसा, बाकी काही नाही. आरसा पुसला, बदलला. खड्डा तिथेच. काकांनी कपाट उघडलं. काच पेपरात गुंडाळलेलीच.

"काच इथं हाय, मंग तिकडं काय दिसून राहिलं, मॅडम? राग आला असन तिले."

"काचेला राग येत नसतो, काका."

"मंग तुमाले तरी राग याले पाहिजे होता."

सकाळी अ पुन्हा स्वच्छ होता. आणि टेबलाच्या कडेला लिंबू-मिरची टांगलेली.

"मी नाही बांधलं," काका म्हणाले. "सरच घेऊन आले बर्डीच्या बाजारातून."

मला किळस आली. खोटं कबूल करण्यापेक्षा या माणसाला लिंबू सोपं वाटलं. मी ते कचऱ्यात टाकलं आणि सगळा प्रकार विभागप्रमुखांना लेखी कळवला, माझ्या 'हो'सकट. पीएचडी रखडली आहे.

स्फटिकात चित्र काही वेळ साठून राहतं, हे खरं. पण स्फटिक टेबलावर नव्हता. पडद्यावर ते काय होतं, मला अजून सांगता येत नाही. मी 'हो' का म्हणाले, ते मात्र सांगता येतं — आणि किळस त्याचीच येते.