पिशवी साक्ष देत नाही
फेब्रुवारी १९५८, सोमवार, सकाळी सहा. नायगाव, रेशनच्या दुकानासमोरची रांग. हजर: मी, सखूबाई, अनसूया, जनाबाई, हौसाबाई, पोलीस लाइनीतली शेवंता आणि आणखी पाच जणी. एकूण अकरा.

ही नोंद माझ्या वहीतली. भांडणं नकोत म्हणून रांगेचे नंबर मी लिहायचे. अकरावं नाव लिहिलं आणि मोटार फुटपाथवर चढली.

माझा डावा पाय चाकाखाली आला. मागच्या सीटवरून मोटारीचे मालक शेठ उतरले. आधी वाकून मोटारीचा दिवा पाहिला. "काच गेली रे," ड्रायव्हरला म्हणाले. माझ्याकडे शेवटी पाहिलं. रस्त्यात कोणी घाण करून ठेवावी, तसं. शेवंताने पदर फाडून माझा पाय बांधला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात शेठचे मॅनेजर आले. सोबत एक हवालदार. मॅनेजरांनी खुर्ची माझ्या खाटेपासून लांब ओढली, मग बसले. नाव विचारलं. चाळ विचारली. जात विचारली. मी सांगितलं, बौद्ध. दीक्षा घेऊन सव्वा वर्ष झालं होतं. ते हसले आणि हवालदाराला जातीचं जुनं नाव लिहायला सांगितलं.

बाकी जबाब लिहूनच आणला होता. रविवारी संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली, त्यातली टोळी सकाळी घोषणा देत रस्त्यावर उतरली, तिने मोटार अडवली, त्यात ही बाई पडली. खाली फक्त माझी सही हवी होती. नाही केली तर दंगलीचा खटला भरू, असं मॅनेजर शांतपणे म्हणाले.

मी घाबरले. दोन वर्षांमागे गोळीबार झाला, तेव्हा माझा नवरा नुसता नाक्यावर उभा होता. अकरा दिवस कोठडीत काढले त्याने. आता पुन्हा नाव आलं तर गिरणीतलं काम जाणार. मग खोली. मी पेन हातात घेतलं.

तेवढ्यात मॅनेजर हवालदाराला म्हणाले, "रांगेत होते म्हणे. या लोकांना रांग कधीपासून कळायला लागली?"

मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, रांग मीच लिहिते. वही उशाखाली आहे. रांगेत उभी होते, एवढं लिहा. मग सही करते."

"महागात पडेल, बाई."

मी पेन त्यांच्याकडे सरकवलं. सही केली नाही. ते गेल्यावर मात्र भीतीने नर्सकडे लघवीचं भांडं मागावं लागलं.

प्लास्टर निघाल्यावर, शेठवर भरपाईचा दावा लावायला, नवऱ्याने मला पाठीवर घेऊन दादरच्या वकिलांचा जिना चढवला. मी मोठ्या दिमाखात वही पुढे केली. वकिलांनी ती वाचली आणि विचारलं, "या अकराही जणींनी पाहिलं?"

मला खरं ते सांगावं लागलं. आमच्याकडे रांगेत पिशवीवर दगड ठेवून बाई चूल पेटवायला घरी जाते. तिचा नंबर राहतो. मी पिशवी दिसली की नाव लिहायचे.

"पिशवी साक्ष देत नाही," वकील म्हणाले. "समोरच्याला एक पिशवी सापडली, की अख्खी वही खोटी."

माझ्याच हाताने लिहिलेली यादी. घरी येऊन प्रत्येकीला विचारलं आणि काट मारत गेले. माझ्याशिवाय पाच उरल्या. चौघी आमच्याच चाळीतल्या, त्यांना मोर्चावाल्या म्हणतील. पाचवी शेवंता. तिचा नवरा पोलिसात. तिला मोर्चावाली कोण म्हणेल? पण त्या सोमवारनंतर शेवंता रांगेत आली नाही. रेशन आता तिचा नवरा नेतो, माझ्याकडे न बघता.

काल मॅनेजरचा माणूस चाळीत येऊन माझ्या नवऱ्याची पाळी कोणती, ते विचारून गेला. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी फटीतून बघते. येऊ दे. दावा मागे घेणार नाही. 'रांगेत उभी होते' हे शब्द आल्याशिवाय कुठल्याही जबाबावर माझी सही होणार नाही.

आजची कामं. डॉक्टरांचा दाखला: आणला. जबाबाच्या नकलेचा अर्ज: दिला. अनसूयाने वेचून ठेवलेली दिव्याची काच: डब्यात ठेवली. शेवंताकडे जाणं: पोलीस लाइन, दुसरा मजला. कुबडी घेऊन दोनदा जिन्यापर्यंत गेले. दोनदा परत आले.

या कामावर अजून काट मारलेली नाही.