हेमक्काची साक्ष

हलव्याला काटा यायचा तर थंडी लागते. पहाटे साडेचारला उठायचं, मंद शेगडीवर परात ठेवायची, त्यात खसखस टाकून साखरेच्या पाकाचा एकेक चमचा सोडत बोटांनी हलवत राहायचं. बोटं भाजतात, पण हात थांबवता येत नाही. थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि सगळा घाणा वाया. असं पाच-सहा दिवस केलं की एकेक दाणा काटेरी, पांढराशुभ्र होतो. मग त्याचे दागिने ओवायचे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला मुकुट, बाजूबंद, मंगळसूत्र. बोरन्हाणाच्या बाळाला बासरी आणि कंठी.

हेमावतीनं हे काम सासूकडून, नागव्वाकडून उचललं. नागव्वा गेली, नंतर नवराही गेला. राहिल्या हेमावती आणि मुलगी भुवनेश्वरी. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, आई वर्षभर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करून द्यायची; पण घर खरं चालायचं ते जानेवारीच्या पहिल्या पंधरा दिवसांवर. तेवढे दिवस ती राजशेखरच्या दुकानाच्या ओट्यावर टेबल मांडून बसायची. राजशेखरचं दुकान मोसमी मालाचं. श्रावणात राख्या, शिमग्याला पिचकाऱ्या, संक्रांतीला पतंग. ओटा सासूच्या काळापासून मिळालेला, तोंडी शब्दावर. दागिने घ्यायला आलेल्या बायका आत जाऊन वाणाच्या वस्तूही घेत, म्हणून राजशेखरचंही बरं चालायचं. तो तिला हेमक्का म्हणायचा, ती त्याला अण्णा.

दूध आणायचा मल्लिनाथ, वळसंगचा, तिच्या माहेरच्या गल्लीतला. पाकाची मळी काढायला दूध लागतं, म्हणून त्या दिवसांत तो जास्तीचं अर्धा लिटर न सांगता ठेवून जायचा. पाच वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आठ दिवस आधी, मोटारसायकलवरून येताना पुलावर त्याच्या गळ्यात मांजा अडकला. नायलॉनचा. दुधाची किटली रस्त्यावर, तो किटलीशेजारी. वाचला. गळ्यावर चौदा टाके पडले आणि आवाज गेला तो पुरता परत आलाच नाही. अजूनही तो फुसफुसल्यासारखा बोलतो.

ही बातमी हेमावतीला ओट्यावरच कळली. ऐकलं तेव्हा तिच्या हातातली सुई थांबली. आदल्याच दिवशी संध्याकाळी राजशेखरनं माळ्यावर चढून दोन फिरक्या खाली काढल्या होत्या आणि एका गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणालं होतं, "तुटत न्हाय ना?" आणि राजशेखर म्हणाला होता, "हात तुटंल, दोरा न्हाय तुटायचा." हेमावतीनं ऐकलं होतं. तो मांजा बंदीचा आहे हे तिला माहीत होतं. ती काही बोलली नव्हती. ओटा त्याचा होता.

मल्लिनाथच्या गळ्यात अडकला तो ह्याच दुकानातला, असं कुणीच म्हणू शकत नव्हतं. शहरात दहा ठिकाणी विकला जात होता. पण तिला त्या दिवसानंतर नीट जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी धाड पडली. हेमावती तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साखर आणायला गेली होती. परत आली तर दुकानापुढं गर्दी, पोलिसांची जीप, आणि जीपच्या बॉनेटवर एक उघडं खोकं. खोक्यात फिरक्या. एका हवालदारानं तिला बोलावलं.

"बाई, हितंच बसता ना तुमी? जरा सही करा."

"कशाची ओ?"

"पंच म्हणून. काय न्हाय त्यात. माल हितं मिळाला एवढंच."

कागद लिहून तयार होते. समोर उभं राहून तपशिलात वाचायला तिला ना वेळ होता ना धीर. सातवी शिकलेली बाई. तिनं चार ठिकाणी नाव लिहिलं आणि साखर उचलून घरी गेली.

राजशेखरला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. तो आला, दुकान उघडलं, तिला म्हणाला, "हेमक्का, तुमचा काय दोष? पोलीस म्हटल्यावर कोण न्हाय म्हणंल?" तिला हायसं वाटलं. प्रकरण संपलं असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षी पाच जानेवारीला समन्स आलं. भुवनेश्वरीनं वाचून दाखवलं.

"अव्वा, नऊ तारखेला कोर्टात बोलावलंय. साक्षीदार म्हणून."

"नऊला? पंधरा मुकुट द्यायचेत मला."

"जावं लागतं अव्वा. न्हाई गेलं तर धरून नेतात."

गेली. दिवसभर बाकावर बसली. चार वाजता कळलं, साहेब रजेवर आहेत. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा जानेवारीच, अकरा तारीख. आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली. सहा-सात तास बसून ती परत आली, तोवर मंद्रूपचं एक घर दागिन्यांची वाट बघून दुसरीकडून घेऊन गेलं होतं. मध्ये उन्हाळ्यात, पावसाळ्यातही तारखा पडत होत्या, पण तेव्हा तिला कुणी बोलावत नव्हतं. तिची पाळी नेमकी संक्रांतीच्या तोंडावर यायची. कुणी मुद्दाम करत होतं असं नाही. फिरत फिरत तारीख तिथंच येऊन थांबायची.

तिसऱ्या वर्षी ती गेलीच नाही. भोगीच्या आदल्या दिवशीची तारीख होती आणि पहाटेपासून परातीवर बसून तिच्या बोटांना फोड आले होते. आठवडाभरानं, बोरन्हाणाच्या गिऱ्हाइकांसाठी ती अजून बसत होती आणि गड्ड्याच्या जत्रेला आलेली माणसं गल्लीतून फिरत होती तेव्हा, हवालदार वॉरंट घेऊन ओट्यावर आला. समोर दोन बायका बाळाची कंठी बघत होत्या. वॉरंट हा शब्द कानावर पडताच त्यांनी कंठी खाली ठेवली आणि निघून गेल्या. भुवनेश्वरीनं धावपळ करून जामिनाची व्यवस्था केली. रिक्षात बसल्यावर हेमावती म्हणाली, "मी काय केलं गं? फकस्त नाव लिवलं."

चौथ्या वर्षी साक्ष होणार हे नक्की झालं. तेव्हापासून तिच्याकडे माणसं येऊ लागली.

आधी राजशेखर. चहा घेऊन ओट्यावर आला, शेजारी टेकला. "हेमक्का, मी खोटं बोला म्हणत न्हाय. खोकं दुकानातनं काढताना तुमी पाह्यलं का?"

"न्हाई."

"मग तेवढंच सांगा की. खरं ते सांगा. झालं."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तिला भीती त्याचीच वाटली. ते खरं सांगितलं तर तो सुटणार. आणि तो मांजा विकत होता, हेही खरंच होतं.

मग हवालदार आला. पहिला बदलून गेला होता, हा नवा. "पंचनाम्यात लिहिलंय तसंच बोला बाई. तुमच्या सहीचा कागद हाय. उलटलात तर तुमच्यावरच यायचं."

"पण मी पाह्यलं न्हाई ओ. मी साखर आणाय गेलते."

"मग सही कशाला केली?"

तिनं परत सुई उचलली.

साक्षीच्या दोन दिवस आधी तिनं मल्लिनाथला दारात थांबवलं. त्याला सगळं सांगितलं, माळ्यावरच्या फिरक्यांचं सुद्धा. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं ते कुणाला सांगितलं. मल्लिनाथ किटलीच्या कडीवर हात ठेवून ऐकत राहिला. त्याला बोलायला वेळ लागायचा.

"मावशी," तो फुसफुसला, "माझ्यासाठी काय बोलू नगा. ज्यानं कापलं त्यो दोरा कुणाचा, कुणाला म्हाईत? तुमी तुमचं बघा."

"तू चिडत न्हाईस माझ्यावर?"

त्यानं किटलीचं झाकण काढलं. "त्या दिवशी तुमी बोलला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. आणि दूध मापून निघून गेला.

साक्षीच्या दिवशी कोर्टात माणसं फार नव्हती. राजशेखर मागच्या भिंतीशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. सरकारी वकील एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद दाखवला.

"ही सही तुमचीच?"

"व्हय."

"पोलिसांनी तुमच्या समक्ष दुकानाच्या फळीखालून खोकं काढलं, बरोबर?"

"न्हाई बाई. मी आले तवा खोकं जीपवर व्हतं. कुटनं काढलं मी पाह्यलं न्हाई."

वकीलबाईंनी मान वर केली. मग त्या न्यायाधीशांकडे वळून इंग्रजीत काही बोलल्या. भुवनेश्वरी मागच्या बाकावर होती. तिला एवढं कळलं की आईला फितूर ठरवताहेत. त्यानंतर वकीलबाईंचा आवाज बदलला. आरोपीनं तुम्हाला फितवलंय ना, त्याच्याच ओट्यावर तुम्ही बसता ना, त्याला वाचवायला खोटं सांगताय ना. प्रश्नामागून प्रश्न. हेमावती प्रत्येकाला "न्हाई" म्हणत गेली, आणि शेवटी तिला सहन झालं नाही.

"वाचवाय कशाला सांगू? मांजा ते विकायचे. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलंय. माळ्यावरनं काढून द्यायचे."

राजशेखर भिंतीपासून पुढं सरकला. त्याचे वकील तेवढ्यात उठले. वयस्क गृहस्थ, बोलणं अगदी गोड.

"आजी, हे पोलिसांना सांगितलं होतं?"

"न्हाई."

"का नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई."

"त्या फिरकीतला दोरा नायलॉनचा होता की सुती, हात लावून पाहिलात?"

"हात न्हाई लावला, पण ते म्हणत व्हते..."

"म्हणजे नाही. बरं, कागद न वाचता सही केली होती, हे खरं?"

"व्हय."

"मग आज जे बोलताय, तेही कुणी सांगितलं म्हणूनच बोलत असाल."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, न वाचता सही करत जाऊ नका." तिनं हात जोडले. बाहेर आल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि भुवनेश्वरीला म्हणाली, "मी दोन्ही खरं सांगितलं गं. दोन्ही त्यांनी खोटं करून टाकलं."

निकाल जूनमध्ये लागला. जप्ती सिद्ध झाली नाही, राजशेखर निर्दोष. तो पेढे घेऊन घरी आला तेव्हा भुवनेश्वरीनं दार अर्धंच उघडलं. त्यानं पेढे तिच्या हातात दिले आणि निघून गेला.

आता त्याच्या ओट्यावर कसं बसायचं, म्हणून दिवाळीनंतर हेमावती नवी जागा शोधायला निघाली. देवळाजवळच्या एका कापड दुकानदारानं आधी हो म्हटलं, मग नाव ऐकून विचारलं, "तुमीच का त्या कोर्टात बोललेल्या?" त्याच्या कापडाची बिलं कशी असत हे त्यालाच माहीत. "नको बाई. आमच्या ओट्यावर उन्हं लई येतात." दुसरीकडे भांड्यांच्या दुकानात सुनेनं सांगितलं, सासरे नको म्हणतात. गड्ड्यावरच्या जागेचं भाडं तिच्यासारखीला शक्यच नव्हतं. भुवनेश्वरीनं फोनवर फोटो टाकून घरूनच ऑर्डरी घेऊन पाहिल्या. चार आल्या. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारत राहिली, "ओट्यावर कधी बसताय?"

डिसेंबरच्या शेवटी राजशेखरनंच निरोप पाठवला. ती गेली. तो फिरक्यांना लेबलं चिकटवत होता, सुती दोऱ्याच्या.

"या की हेमक्का. जागा तुमचीच हाय. नागव्वा बसायच्या, तुमी बसायच्या. मी काय राग धरला न्हाय."

तिला वाटत होतं त्यानं भांडावं, हाकलावं. ते झालं असतं तर ती मान ताठ करून घरी गेली असती. तिनं टेबल मांडलं.

राग त्यानं खरंच दाखवला नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की तो हसत म्हणायचा, "ह्या आमच्या साक्षीदार बरं का! जपून बोला." माणसं हसायची. तीही पहिले दोन दिवस कसनुसं हसली. मल्लिनाथनं दूध घालायचं बंद केलं नव्हतं, पण आता तो ओट्यावरून जाताना थांबत नसे, आणि जास्तीचं दूध मागितल्याशिवाय ठेवत नसे.

भोगीच्या तीन दिवस आधी मोहोळहून एक बाई सुनेचे दागिने ठरवायला आल्या. पोक्त, हातात पिशवी, सोबत सून. राजशेखरनं त्यांनाही ऐकवलं. बाईंनी हसण्याऐवजी विचारलं, "कसली साक्ष?"

राजशेखर म्हणाला, "जुनं हाय हो, काय न्हाय त्यात."

हेमावतीनं सुई खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. साखर आणायला गेले तिथपासून. जीपवरचं खोकं, चार सह्या, चार वर्षांच्या तारखा, वॉरंट, दोन्ही वकील. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन फिरक्या सांगितल्या, आपण तेव्हा गप्प बसलो तेही सांगितलं. मल्लिनाथचं नाव घेतलं. आवाज तिनं वाढवला नाही, कमीही केला नाही. राजशेखर काउंटरमागं उभा होता, तीन-चार हातांवर. त्यानं मध्ये एकदा "हेमक्का" म्हटलं. ती थांबली नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. सुनेनं पदर सावरला.

"लई सोसलंत," बाई म्हणाल्या. मग टेबलावरचा नमुना उचलून उजेडात धरला. "बाजूबंद असाच पायजे. परवापतूर मिळंल का?"

"मिळंल," हेमावती म्हणाली, आणि मापासाठी सुनेचा दंड दोऱ्यानं मोजू लागली.