खुडूक कोंबडी

परका माणूस दारात उभा राहिला की अक्का आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि पाणी द्यायच्या आधी विचारायची, "जाशी कधी?"

पहिल्या दिवशी मला तो सरळ अपमान वाटला.

तुमच्यापैकी कोणी शिंदखेड्याकडच्या खेड्यांत कामानिमित्त हिंडलं असेल, तर अशी एखादी म्हातारी तुम्हालाही भेटली असेल. आमची अक्का बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरात राहायची. आता ती नाही. घरामागे अर्धवट खणलेला खड्डा होता. कुठल्याशा योजनेतली विहीर. खणणारे पाणी लागायच्या आधीच निघून गेलेले. अक्का त्यात चुलीची राख टाकायची आणि आमच्यासारखं कोणी आलं की हनुवटीने तिकडे दाखवायची. "तो खड्डा देख."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गरीब वस्तीत सामुदायिक गोबरगॅस चालतो का, हे पाहण्यासाठी धुळ्याच्या एका कॉलेजला संशोधनाचं अनुदान मिळालं होतं. आमचे सर प्रमुख, मी त्यांचा मदतनीस, मुक्काम गावातच. वस्तीत गुरं फार थोडी. म्हणून अनुदानाच्या पैशांतून आम्ही वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांकडून शेण विकत घ्यायचो. टाकी बांधली, नळ्या फिरल्या, घराघरात निळी ज्योत पेटली. धुराने लाल झालेले बायकांचे डोळे निवळले. अक्कासुद्धा शेगडीवर चहा करू लागली. पण त्या ज्योतीकडे ती शेजारणीचं उसनं भांडं असावं तशी बघायची.

"पैसा सरी जाई, मंग?"

"अक्का, मी आहे ना इथे."

"जाशी कधी?"

"मी कुठे जातोय?"

"बठ्ठा असंच सांगतस," असं सगळ्यांनाच खोटं ठरवून ती एकटीच चहा प्यायची. मला त्या घरात कधी घोटभर मिळाला नाही.

पुढच्या अनुदानाआधी एक समिती पाहणीला येणार होती. सरांचं फर्मान निघालं, वस्तीत एकही मातीची चूल दिसता कामा नये. बायकांनी चुली फोडल्या. अक्कापुढे मी हात जोडले. ती हलली नाही. समितीतले एक साहेब तिच्या दारात वाकले, तेव्हा चुलीच्या जागी मोठं टोपलं पालथं होतं आणि शेजारी अक्का.

"याखाली काय आहे, आजी?"

"हळू बोला. अंड्यांवर खुडूक कोंबडी बठेल शे."

साहेब चवड्यांवर चालत बाहेर आले.

मला मात्र तिचा राग यायचा. वाटायचं, ही चोरून चूल पेटवते आणि इतरांनाही फितवते. भिंतीकडच्या गोवऱ्या कमी होताहेत का, हे मी येता-जाता न्याहाळायचो. ती माझी पिशवी न्याहाळायची, भरून ठेवली आहे का म्हणून.

पुढचं अनुदान आलं नाही. पैसे थांबले तसं वरच्या आळीतलं शेण पुन्हा त्यांच्या शेतांकडे वळलं. ज्योत ठेंगणी होत गेली आणि एका संध्याकाळी भाकरी तव्यावर असतानाच विझली. परत या, असा सरांचा निरोप मला आधीच आला होता. मी कोणाला बोललो नव्हतो.

बायका पिठाच्या पराती घेऊन शेवटच्या घराकडे निघाल्या. मीही मागे गेलो. अक्काने टोपलं उचललं. खालची चूल नुकती सारवलेली होती.

"उठनी कोंबडी," ती म्हणाली. मग भिंतीकडच्या गोवऱ्या तिने चुलीत रचल्या.

घर धुराने भरलं. पहिली भाकरी फुगली तेव्हा तिने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"आते सांग. जाशी कधी?"

"उद्या. सकाळच्या गाडीने."

"पयला डाव खरं बोलना तू," ती म्हणाली, आणि ती गरम भाकरी तिने माझ्या हातावर ठेवली.

दारापर्यंत बायका पराती घेऊन उभ्या होत्या. मला बाहेर पडायला त्यांनी सरकून वाट दिली.