सुभेदारांचं आधी

स्वच्छ जखमा आधी, पुवाच्या शेवटी. ट्रेनिंगमध्ये हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो.

बांगलादेशची लढाई होऊन एक-दोन वर्षं झाली होती. सांगलीतल्या एका दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात मी नर्स होते. कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार पाठीवरच्या काळपुळीनं पडून होते. पेनिसिलिन झालं, स्ट्रेप्टोमायसिन झालं, पू काही हटेना. डॉक्टर म्हणाले, या जंतूंना आता औषधं पचायला लागलीत.

शेजारच्या खाटेवर आष्ट्याचा वीस वर्षांचा मुलगा. लष्कराच्या भरतीत हर्निया निघाला, म्हणून ऑपरेशन करून घ्यायला आलेला. टाके छान सुकत होते. बरं होऊन पुन्हा भरतीला उभं राहायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

त्या सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन मी आधी त्याच्याकडे गेले, तर म्हणाला, "आवं बाई, सुभेदारसाहेब कवापासनं कण्हत्यात. त्यांच्या आदी माझं केलं तर बरं दिसंल व्हय?"

सुभेदारांनी कौतुकानं त्याच्याकडे बघितलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या आधी कुणी ताटावर बसत नाही. मलाही अवघडल्यासारखं झालं. सुभेदारांचं आधी केलं. मग घाईघाईत हात नुसते पाण्याखाली धरले आणि त्याच चिमट्यानं मुलाचं केलं. चिमटा उकळायला दहा मिनिटं लागली असती, मेली दहा मिनिटं!

तिसऱ्या दिवशी टाके लाल झाले, मग फुटले. तसाच पू, आणि एकही इंजेक्शन लागू पडेना. डॉक्टरांनी मुंबईहून कुठलंसं नवं औषध मागवलं. ते पोचलं त्याच्या आदल्या दिवशी मुलगा गेला.

हे आलं कुठून, म्हणून डॉक्टर माझ्यावर भडकले. त्याची आई रोज देवाचा अंगारा आणून त्याला लावायची. फक्त कपाळाला. मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण मी इतकी घाबरले होते की म्हणून बसले, आई अंगारा लावायची, सर. फक्त कपाळाला, हे मी सांगितलं नाही. डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर तिला नाही नाही ते बोलले.

ती निघताना माझ्याजवळ आली, बोटं पदराला पुसत.

"बाई, माझ्याच हातानं झालं न्हवं?"

मी तिला प्यायला पाणी दिलं. 'नाही' असं म्हणाले नाही.