कोजागिरीनंतरची भुलाबाई

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई मुलींना उत्तर कधी विचारत नसत. त्या मुलींना प्रश्न विचारायला लावत. "उत्तर द्या म्हटलं का पोरगी घाबरते, सर. विचारणारीले कायचं भेव?" असे त्या मला एकदा म्हणाल्या. मी मुख्याध्यापक होतो, माझा सारा जन्म उत्तरे तपासण्यात गेलेला. 

बाई मूळच्या मलकापूरच्या. सोनाळ्याजवळच्या आमच्या खेड्यात खोली घेऊन राहत. नेमणूक तासिकांवर, तीही दिवाळीपर्यंतच. पुढचे संस्थेच्या मर्जीवर. अंगाने बारीक, आवाज कायम बसलेला, आणि पिशवीत एक पितळी डबा. कुणी मुलगी खाऊ आणायला विसरली, तर तिची अडचण होऊ नये म्हणून तो भरलेला असे.

खाऊ कशाचा, ते सांगतो. भादव्याच्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई, म्हणजे पार्वती, माहेरी येते आणि कोजागिरीला सासरी जाते. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघर तिची गाणी म्हणतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवते आणि खाऊ ओळखायला सांगते. मग मुलींची विचारणा सुरू होते, गोड का खारा, ओला का कोरडा. बाईंनी शाळेच्या व्हरांड्यात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून भुलाबाई बसवली. शेवटच्या तासाला एका मुलीने घरून डबा आणायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. अट एवढीच, की विचारायचे इंग्रजीत.

पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. मग मागच्या रांगेतली एक धीट पोरगी म्हणाली, "इज इट कुरकुरीत?" वर्ग हसून लोळला. बाई हसल्या नाहीत. "येस, का नो? सांग तिले," एवढेच त्या डबेवालीला म्हणाल्या. कुरकुरीतला इंग्रजी शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला, तोही तास संपताना. मी टोकले तर म्हणाल्या, "चुका कुठी पळून नाही जात, सर. पोरीचा धीर पळते."

हळूहळू घरच्या आयाही खेळात उतरल्या. एक जण फाटकाशी येऊन बाईंना म्हणाली, "उद्या असा खाऊ देतो का तुमच्या इंग्रजीले नावच नाही सापडणार." दुसऱ्या दिवशी डब्यातून वाळलेली मोहाची फुले निघाली. मुली हरल्या. बाईंनाही शब्द आठवेना, तेव्हा त्या चालत त्या माउलीच्या दारी गेल्या आणि "हरलो बा," म्हणून आल्या. त्या घरची मुलगी नंतर एकही दिवस गैरहजर राहिली नाही.

कोजागिरी जवळ आली तेव्हा मुली नुकत्याच कुठे बोलू लागल्या होत्या. बाई माझ्या खोलीत आल्या. "सर, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठेवू का भुलाबाई? आता उठवली तं पोरी पुन्हा मुक्या होतीन."

"ठेवा," मी म्हणालो. "कोणी विचारलं तर मी आहे."

पण माहेरवाशीण ठरल्या दिवशी सासरी पाठवावी लागते. म्हाताऱ्या बायका कुजबुजू लागल्या. त्यातच गावातल्या एका मुलीची सोयरीक मोडली आणि बोट शाळेकडे वळले. शाळेने भुलाबाई अडवून धरली, मग पोरी सासरी जातील कशा? दोन्ही घरांचा मानपानावरून वाद झाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी संस्थेचे अध्यक्ष तावातावाने आले आणि बाईंच्या देखत मला म्हणाले, "हेडसर, कोजागिरी झाल्यावर भुलाबाई ठेवाले कोणी सांगतलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझी निवृत्ती तोंडावर आली होती, कागद त्याच माणसाच्या सहीने पुढे जायचे होते. मी म्हणालो, "चौकशी करतो."

"चौकशी कायची करता? बाई इथंच उभी हाय."

"मी ठेवली," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलींना घेऊन भुलाबाई नदीवर नेली. मी व्हरांड्यातून पाहत होतो. मुली गात होत्या, पण आवाज वर चढत नव्हता. दिवाळीनंतर बाईंना तास मिळाले नाहीत. मांडव शिपायाने मोडला, धांडे गाईला घातले.

त्या वर्गातल्या काही मुली पुढे शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या. गावात भेटल्या की पाया पडतात. त्यांचे वडील म्हणतात, सर, तुमच्या वेळी इंग्रजी पक्की होती. आणि बाईंचा विषय निघाला तर अजून ऐकू येते, "त्या बाईनं सरले न विचारता नसता उद्योग केला." मी खाली मान घालून चहा पितो. हे ऐकून ऐकून आता थकलो आहे.

गेल्या हिवाळ्यात मलकापूरला त्यांच्या घरी गेलो. समोरच्या खोलीत शिकवणी चालू होती. केस पांढरे झालेत, आवाज तसाच. मी वाक्य जुळवून नेले होते. अर्ध्यावरच त्यांनी थांबवले. रागाने नाही, उशीर झालेल्या पाहुण्याला थांबवावे तसे.

"मले तं माहीतच हाय, सर," त्या म्हणाल्या. "ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

तर गावकऱ्यांनो, सांगतो. बाईंनी मला विचारले होते. ठेवा, असे मीच म्हटले होते.