जावेचा झोका

आमच्या घरी लग्नं पुरुष टिपतात आणि बायका कापतात. नवरा आणि दीर कॅमेरे घेऊन मांडव गाठतात. मी आणि माझी धाकटी जाऊ कुंभकोणमच्या आमच्या तंजावरी मराठी घरात, पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटरांसमोर बसून त्या लग्नांच्या फिल्म तयार करतो. तिला हे काम मी शिकवलं. हे मी अधूनमधून तिच्या कानावर घालते आणि ती प्रत्येक वेळी "होय की अक्का" म्हणते, त्यामुळे भांडायलाही जागा राहत नाही.

माझा जळफळाट सुरू झाला तो ऊंजलपायी. ऊंजल म्हणजे लग्नातला झोपाळा. नवरा-नवरीला त्यावर बसवायचं, बायकांनी गाणी म्हणायची, रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकायचे. माझ्या फिल्ममध्ये ऊंजल म्हणजे दोन माणसं हलताहेत, बस. जावेनं काय केलं, तर झोपाळा डावीकडं गेला की चित्र तेवढंच उजवीकडं सरकवलं, उजवीकडं गेला की डावीकडं. चाळीस सेकंदांच्या तुकड्यासाठी दोन दुपारी अशी केसाकेसानं सरकवत बसली. मग पाहिलं, तर जोडपं पडद्याच्या मधोमध स्थिर आणि मागचा मांडवच्या मांडव झुलतोय. ज्यांचं लग्न होतं ती पापनाशम गावची मंडळी फिल्म घ्यायला आली ती मलाच विचारू लागली, हे ऊंजल केलेल्या अम्मा कोण? मी तिच्याकडं बोट दाखवलं. तो जळफळाट नंतर पुरता गेलाच नाही.

गिऱ्हाइकांचं एक वेळ सोसलं असतं. पण या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर बंगळूरला निघताना ती म्हणाली, "अम्मा, माझी फिल्म काकू करू दे. तू दमलीस."

दमलीस हे आपलं उगाच. लहानपणापासून ती माझ्याशी डब्याचं आणि फीचं बोलायची, बाकीचं सगळं काकूशी. मुलगा पसंत आहे हेसुद्धा काकूला माझ्याआधी चार दिवस ठाऊक होतं. आता ती नवरी म्हणून कशी दिसली, तेही काकूच ठरवणार. मला ती एक फिल्म माझ्या हातची हवी होती.

"अक्का, तुम्ही करा की," जाऊ म्हणाली. "मी कसाला?"

"तिनं तुझं नाव घेतलंय," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

आठवड्यानं एका दुपारी जाऊ तिरुवलंचुळीला गेली. माझ्या मुलीचं लग्न नीट पार पडावं म्हणून तिथल्या पांढऱ्या विनायकाला तिनं नवस बोलला होता, तोही मला न विचारता. "जाऊन येतों अक्का," म्हणाली. तिची बस सुटली असेल नसेल, मी तिच्या खुर्चीत बसले होते.

माझा बेत सोपा होता. तिची पापनाशमची फिल्म उघडायची. ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि जुन्या क्लिपवर नवी क्लिप सोडायची. जुनी जाते, नवी तिच्या जागी बसते, पण जुनीला दिलेला रंग, वेग, सरकवणं, सगळं नवीला आयतं मिळतं. कष्ट तिचे, मुलगी माझी. चोरी होती हे कळत होतं. पण शिकवलं मी, म्हणजे त्यात थोडं माझंही आहे, अशी मी मनाची समजूत घातली. जावेच्या आधी माझी फिल्म मुलीला पाठवायची, एवढंच डोक्यात होतं.

रंग छान बसला. मंगलाष्टकं छान बसली. मग ऊंजल आलं, आणि पडद्यावर माझी मुलगी गदागदा डावी-उजवीकडं जायला लागली. झोपाळा नव्हे, अख्खं चित्रच. मुलगी, जावई, मांडव, सगळं एकत्र सरकत होतं आणि कडेला काळी पट्टी उघडी पडत होती. पुन्हा क्लिप टाकली, पुन्हा तेच. माझी स्वतःची मुलगी माझ्या जावेच्या झोक्यांवर हलत होती, आणि मला ती थांबवता येईना.

त्याच गडबडीत जाऊ प्रसाद घेऊन दारात उभी राहिली. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिनं एक शब्द विचारला नाही, याचाही मला रागच आला. वाकून तिनं सरकवण्याच्या सगळ्या खुणा पुसल्या आणि क्लिप उघडीबोडकी चालवली. मुलगी अगदी शांत बसलेली.

"हिला कायी करायचं नाही अक्का," ती म्हणाली. "हे ऊंजल हलतच नाही."

"का?"

तिनं चित्राच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. तिथं साखळीवर एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा. झोका हळू जावा म्हणून बायकांनी साखळीला हात लावायचा असतो. मी ती गच्च आवळून धरली होती, गाणी संपेपर्यंत. मला आठवत नव्हतं.

फिल्म शेवटी जावेनंच पुरी केली. ती बघून मुलीचा फोन आला, आम्हा दोघींना एकत्र. "काकू, ऊंजल किती छान थांबवलंस."

जाऊ गप्प बसती तर मला चाललं असतं. पण ती म्हणाली, "मी नाही थांबवलं. डावीकडं साखळीवर बघ, अम्माचा हात आहे."

मुलीनं बहुतेक परत लावून पाहिलं. मग म्हणाली, "अम्मा, तू सोडलंच नाहीस की गं," आणि रडायला लागली. मीही रडले. डोळे पुसताना पाहिलं तर जाऊ समोर हसत होती, आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा माझा जळफळाट झालाच. माझ्या मुलीला माझा हातसुद्धा तिनंच दाखवला होता.